उद्यमबागेतले हेडलाईट दुरुस्तीचे वर्कशॉप: पाणी काढण्याआधी पाण्याची वाट शोधणारे मेस्त्री

बेळगावहून जांबोटीच्या बाजूला रोज मोटारीने जाणाऱ्या माणसाला हेडलाईटची खरी किंमत जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कळते. पिरनवाडीला खानापूरचा रस्ता सोडून चोर्ल्याच्या रस्त्याला लागले आणि किणये मागे टाकले की झाडी दाट होत जाते, सकाळी शाळेच्या वेळेलाही धुक्यामुळे दिवे लावावे लागतात, आणि संध्याकाळी परतताना पावसाची झड लागलेली असेल तर गोव्याकडे जाणारी वाहने अगदी समोर येईपर्यंत दिसत नाहीत. मी या पट्ट्यातल्या एका माध्यमिक शाळेत शिकवते आणि माझी पेट्रोलवर चालणारी छोटी मोटार आता सात वर्षांची झाली आहे. 2024 च्या जुलै महिन्यात तिच्या उजव्या हेडलाईटमध्ये इतके पाणी साचले की वळण घेताना ते काचेच्या तळाशी हिंदकळताना दिसत असे. त्या दिव्याची दुरुस्ती मी उद्यमबागेतल्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये करून घेतली. हे काम कसे झाले, त्यात काय चांगले होते आणि काय कमी पडले, ते इथे सविस्तर लिहीत आहे, कारण आपल्या भागात हा त्रास बहुतेक प्रत्येक मोटारवाल्याला केव्हा ना केव्हा होतो आणि त्यावर सांगितले जाणारे उपाय बहुधा चुकीच्या टोकापासून सुरू होतात.

वर्कशॉपपर्यंत पोहोचण्याआधी मी दोन ठिकाणी पैसे आणि वेळ घालवला होता. शहरातल्या एका सर्व्हिस सेंटरमध्ये दिव्याकडे दुरूनच पाहून 'पूर्ण असेंब्ली बदलावी लागेल', म्हणजे अख्खा दिवाच नवा घ्यावा लागेल, असे सांगण्यात आले आणि फिटिंग सोडून सात हजार दोनशे रुपयांचा अंदाज हातात दिला गेला. पाणी कुठून येते, हा प्रश्न मी विचारला, तेव्हा 'पावसाळ्यात येतेच' एवढेच उत्तर मिळाले. त्यानंतर एका ॲक्सेसरीजच्या दुकानात दिवा गाडीवरच ठेवून, मागचे झाकण काढून केस वाळवण्याच्या यंत्राने आत गरम हवा सोडली गेली आणि काचेच्या सगळ्या कडेने बाहेरून पांढरे सिलिकॉन भरण्यात आले. त्याला व्हिनेगरसारखा आंबट वास येत होता. चार दिवस दिवा स्वच्छ दिसला. पाचव्या दिवशी मुसळधार पावसातून घरी आले, तर आत पुन्हा थेंब होते, आणि या वेळी ते आठवडाभर हटले नाहीत. मधल्या काळात मी स्वतः चपलांच्या खोक्यांत येतात तशा सिलिका जेलच्या दोन पुड्या मागच्या झाकणातून आत ठेवून पाहिल्या. दोन रात्रींत त्या ओल शोषून भरल्या आणि निरुपयोगी झाल्या.

उद्यमबागेत लहानमोठे यंत्रकामाचे आणि ओतकामाचे कारखाने आहेत, हे बेळगावकरांना सांगायला नको. तिसऱ्या रेल्वे गेटाकडून आत आल्यावर एका गल्लीत दोन लेथ वर्कशॉपांच्या मध्ये एक अरुंद गाळा आहे. पाटीवर वर कन्नडमध्ये आणि खाली मराठीत फक्त हेडलाईट दुरुस्तीचे काम केले जाते, एवढेच लिहिलेले आहे. आत भिंतीला लाकडी फळ्या, त्यांवर चिठ्ठ्या चिकटवलेले तीस-चाळीस दिवे, एका कोपऱ्यात तापमानाचे बटण असलेली पत्र्याची भट्टी आणि मधोमध स्वच्छ पांढरा कपडा अंथरलेले टेबल. मेस्त्री साठीच्या आसपासचे आहेत आणि त्यांच्या हाताखाली एक मुलगा काम करतो.

मी गाडी उभी केली, तेव्हा मेस्त्रींनी दिव्याला हात लावला नाही. त्यांनी आधी प्रश्न विचारले. "बाई, आत धुकं धरतंय का थेंब पडताहेत?" हा पहिला. "दोन्हीकडं होतंय का एकाच बाजूला?" हा दुसरा. "दिवा लावून तासभर गाडी चालवली तर जातंय का तसंच राहतंय?" हा तिसरा. त्यानंतर गाडी कुठे ठोकली होती का, बल्ब कुणी आणि केव्हा बदलला, धुलाई प्रेशर पंपाने होते का, हेही त्यांनी विचारून घेतले. मला हे एखाद्या चांगल्या डॉक्टरने रुग्णाची नाडी धरण्याआधी हकिकत ऐकून घ्यावी तसे वाटले, आणि या वर्कशॉपविषयी माझे मत तिथेच चांगले होऊ लागले.

या तीन प्रश्नांमागचे कारण त्यांनी काम करता करता समजावून सांगितले. ते प्रत्येक वाहनधारकाला माहीत असायला हवे. मोटारीचा हेडलाईट हा हवाबंद डबा नसतो आणि तसा तो केलेलाही नसतो. दिवा लागला की आतली हवा तापून प्रसरण पावते, दिवा विझला की ती थंड होऊन आकसते. ही ये-जा होऊ देण्यासाठी दिव्याच्या पाठीमागे बारीक श्वासनळ्या ठेवलेल्या असतात, कुठे वाकडी रबरी नळी, तर कुठे हवा जाऊ देणारा पण पाणी अडवणारा चकतीएवढा पडदा. बाहेरची हवा दमट असली की तीच दमट हवा आत जाते, आणि पुढची काच थंड पडली की तिच्या आतल्या अंगाला गवतावर दव पडावे तसे बारीक बाष्प धरते. दोन्ही दिव्यांत सारखेच, पातळ धुक्यासारखे दिसणारे आणि दिवे लावून वीस-तीस मिनिटे गाडी चालवल्यावर निघून जाणारे बाष्प हा बिघाड नव्हे. त्यासाठी दिवा उघडणे म्हणजे चांगला दिवा बिघडवून घेणे होय. एकाच दिव्यात मोठे थेंब, काचेवरून ओघळलेल्या रेघा किंवा तळाशी साचलेले पाणी दिसले, तर मात्र पाण्याला आत यायला वाट मिळालेली आहे, असे समजावे. माझ्या दिव्यात ही तिन्ही लक्षणे होती.

बंपर सैल करून दिवा बाहेर काढल्यावर त्यांनी तो पांढऱ्या कपड्यावर पालथा ठेवला आणि मला जवळ बोलावले. मागच्या बाजूला बल्बभोवती जे काळे रबरी बूट बसवलेले असते, त्याला खालच्या अंगाला बोटभर लांबीची सरळ चीर होती. ती झिजून पडलेली नव्हती, ब्लेडने दिलेली होती. मला तेव्हा आठवले की दोन वर्षांपूर्वी मी एलईडी बल्ब बसवून घेतले होते, त्यांच्या मागचा पंखा बुटात मावत नव्हता म्हणून फिटरने रबर कापले असणार, आणि पुढे समोरच्या वाहनांना त्या उजेडाचा त्रास होतो हे लक्षात आल्यावर मी जुने हॅलोजन बल्ब परत लावले तरी कापलेले रबर तसेच राहिले. मेस्त्रींनी एलईडीबद्दल आणखी एक गोष्ट सांगितली. हॅलोजन बल्ब, म्हणजे नेहमीचा 60/55 वॅटचा, पुढच्या काचेकडे भरपूर उष्णता टाकतो आणि त्या उष्णतेनेच आतले बाष्प सुकते. बदलून घातलेल्या एलईडी बल्बची उष्णता मात्र मागच्या बाजूने बाहेर पडते, काच थंडच राहते, आणि धरलेले बाष्प लवकर हटत नाही.

चीर सापडली म्हणजे काम झाले, असे मला वाटले होते. मेस्त्री मात्र तेवढ्यावर थांबले नाहीत. त्यांनी दोन्ही श्वासनळ्या काढून उजेडाकडे धरल्या. एकीतून उजेड आरपार दिसत होता. दुसरी पूर्ण बंद होती. त्यांनी तारेने तोंडाशी खरवडले, तेव्हा टेबलावर लाल मातीची वाटाण्याएवढी कडक गोळी पडली. कुंभारीण माशीने नळीत घर केले होते. त्या सुकलेल्या मातीला आतून गुळगुळीत, गोल पोकळी होती. आमच्या शाळेच्या खिडक्यांच्या कोपऱ्यांत अशी घरे मी शेकडो पाहिली असतील, पण तीच माशी गाडीचा दिवा निकामी करण्यात वाटेकरी होऊ शकते, हे कधी मनात आले नव्हते.

"नळी बंद पडली की दिवा दुसरीकडनं श्वास घेतो वो बाई," असे मेस्त्री म्हणाले, आणि सगळ्या प्रकरणाचा उलगडा या एका वाक्यात झाला. तापलेला दिवा घेऊन आपण पाण्याने भरलेल्या खड्ड्यातून जातो, थंड पाण्याचा फवारा दिव्यावर बसतो, आतली हवा क्षणात आकसते आणि बाहेरून हवा ओढू लागते. श्वासनळ्या मोकळ्या असतील तर ती ओढ नळीतून भागते. नळी बंद असेल तर ती ओढ जिथे कमकुवत जागा असेल तिथे पडते, आणि त्या जागेवर पाणी उभे असेल तर पाणीच आत खेचले जाते. म्हणजे माझ्या दिव्यातले पाणी केवळ वरून झिरपत नव्हते. दिवा ते स्वतः ओढून घेत होता. काचेच्या कडेने बाहेरून सिलिकॉन भरणाऱ्या दुकानाने आतली ओल आतच कोंडली, शिवाय त्या आंबट वासाच्या सिलिकॉनमधून सुकताना जे आम्ल बाहेर पडते, ते परावर्तकाच्या चकाकीला मारक असते. परावर्तक म्हणजे दिव्याच्या आतली आरशासारखी वाटी. तिच्यावर ॲल्युमिनियमचा अतिशय पातळ थर चढवलेला असतो. माझ्या दिव्यात त्या थरावर अंगठ्याएवढा करडा डाग पडला होता. मेस्त्रींनी तो दाखवला आणि हा आता जाणार नाही, असे स्वच्छ सांगितले. कापडाने पुसून पाहू का, असे मी विचारले, तर ते घाईने म्हणाले, "हात लावू नका, पुसलं की चकाकी निघून येते."

तिसरी तपासणी मला सर्वांत अधिक आवडली. त्यांनी बल्बचे भोक रबरी बुचाने बंद केले, एका श्वासनळीच्या जागी सायकलच्या पंपाची नळी जोडली, दुसरी जागा बोटाने दाबून धरली आणि मुलाला काचेच्या सांध्यावरून साबणाचा फेस ब्रशने फिरवायला सांगितले. गाळ्यात हवेचा मोठा कॉम्प्रेसर होता, तरी त्यांनी तो वापरला नाही. त्याचा दाब एवढा असतो की चांगला सांधाही उघडू शकतो, हे त्याचे कारण. पंपाचे हळू दोन-तीन झटके दिल्यावर सगळ्या कडेचा फेस शांत राहिला आणि फक्त वरच्या आतल्या कोपऱ्यात, बॉनेटच्या कडेखाली झाकल्या जाणाऱ्या जागी, एकामागून एक बुडबुडे उठू लागले. त्या कोपऱ्याजवळच दिवा गाडीला धरून ठेवणारा प्लॅस्टिकचा कान तुटलेला होता. आदल्या वर्षी पार्किंगमध्ये बंपरला बसलेला हलका धक्का मी विसरून गेले होते. कान तुटल्यामुळे दिवा खड्ड्यांतून थरथरत राहिला आणि त्या ताणाने सांधा सुटत गेला.

म्हणजे कापलेले बूट, बुजलेली नळी आणि सुटलेला सांधा अशी तीन कारणे एकत्र आली होती. यांतले एकच दुरुस्त करून दिवा परत दिला असता, तर पुढच्या झडीत मी पुन्हा तिथेच उभी राहिले असते. सात हजारांची नवीन असेंब्ली बसवूनही कदाचित हेच झाले असते, कारण जुना बल्ब आणि ते चिरलेले बूटच नव्या दिव्याला लावले गेले असते. या वर्कशॉपचे मोल मला इथे दिसते. दिवा सुकवणे कोणालाही जमते. त्यासाठी ऊन पुरते.

प्रत्यक्ष दुरुस्तीत बल्ब, बूट, कडेचे स्क्रू आणि पकडी काढून दिवा भट्टीत सुमारे 90 अंश सेल्सियसवर दहा-बारा मिनिटे ठेवण्यात आला. काच आणि मागचा डबा यांना जोडणारा काळा, डांबरासारखा चिकट ब्यूटाइलचा पट्टा एवढ्या उष्णतेने मऊ होतो आणि काच सावकाश ओढून वेगळी करता येते. आपण हिला काच म्हणतो, पण ती पॉलिकार्बोनेट नावाचे प्लॅस्टिक असते, आणि तापमान बेताबाहेर गेले तर दिव्याचे भाग वाकतात. म्हणून घरच्या ओव्हनमध्ये किंवा हीट गनने अंदाजाने हा प्रयोग कोणी करू नये, असे माझेही मत झाले आहे. खाचेतला जुना पट्टा आणि ते पांढरे सिलिकॉन लाकडी चपट्या काठीने खरवडून काढण्यातच मुलाचा दीड तास गेला. काच आतून कोमट पाण्याने धुऊन पूर्ण सुकवली, परावर्तकावरची धूळ फक्त फुंकणीने उडवली, नवीन ब्यूटाइलचा पट्टा खाचेत सलग बसवला, पुन्हा थोडी ऊब देऊन काच दाबली आणि सगळीकडून चिमटे लावून दिवा रात्रभर ठेवून दिला. तुटलेला कान आतून पट्टी देऊन जोडला. बूट नवे घातले. नळ्या साफ करून, त्यांची तोंडे खाली राहतील अशाच परत बसवल्या. सिलिका जेल आत ठेवायचे का, असे मी विचारले होते. पुडी सुटून तापलेल्या बल्बला टेकली तर जळते आणि ओल शोषून भरल्यावर तिचा उपयोग राहत नाही, म्हणून त्यांनी नकार दिला.

गाडी शनिवारी सकाळी दिली होती, ती सोमवारी संध्याकाळी मिळाली. सोमवारी मी वायव्य कर्नाटक परिवहनच्या बसने शाळेला गेले. गाडी परत देताना मेस्त्रींनी आणखी एक काम केले, ज्याची मी मागणी केली नव्हती. गल्लीच्या टोकाला एका गोदामाची पांढरी भिंत आहे. गाडी तिच्यापासून दहा मीटरवर उभी करून, दिव्याच्या मध्याची जमिनीपासूनची उंची टेपने मोजून भिंतीवर खडूने रेघ मारली आणि खालच्या झोताची वरची कड त्या रेघेच्या सुमारे दहा सेंटीमीटर खाली येईपर्यंत दिव्यामागचा स्क्रू फिरवला. दिवा काढून परत बसवला की त्याचा रोख बदलतो, आणि आपल्याकडे वाहने डावीकडून चालत असल्यामुळे उजवा दिवा थोडा जरी वर राहिला, तरी समोरून येणाऱ्याचे डोळे दिपतात. चोर्ल्याच्या वळणांवर त्याचा अर्थ काय होतो, हे या रस्त्याने रात्री प्रवास केलेल्यांना ठाऊक आहे. इतर दोन ठिकाणी कोणी याचा उल्लेखही केला नव्हता.

एकूण बिल चौदाशे रुपये झाले. त्यात नव्या बुटाचे अडीचशे. त्यानंतर 2024 चा उरलेला पावसाळा आणि पुढचा पूर्ण पावसाळा त्या दिव्यात थेंब आलेला नाही. डिसेंबरमध्ये पहाटे गाडी धुतली की दोन्ही दिव्यांच्या कोपऱ्यांत पातळ धुके धरते आणि गाडी शाळेपर्यंत पोहोचण्याआधी निघून जाते. हे असे होणार आणि त्याची काळजी करू नका, असे मेस्त्रींनी आधीच सांगून ठेवले होते.

उणिवाही सांगायला हव्यात. छापील बिल मिळत नाही, कागदावर हाताने लिहिलेला हिशेब मिळतो. हमीही तोंडी असते: त्याच पावसाळ्यात पाणी आले तर परत आणा, पैसे घेणार नाही. माझ्यावर तशी वेळ आली नाही, परंतु लेखी हमी ज्यांना हवी असते, त्यांना हे पटणार नाही. बसायला जागा नाही. दोन-तीन दिवस गाडी तिथेच सोडावी लागते, ही नोकरदाराला मोठी अडचण आहे. मी तर म्हणेन की दिवा काढून फक्त तोच ठेवून घेण्याची सोय त्यांनी सुरू करावी. अलीकडच्या काही गाड्यांच्या दिव्यांची काच अशा कडक गोंदाने जोडलेली असते की तो उष्णतेने मऊ होत नाही. असे दिवे ते उघडत नाहीत आणि तसे दारातच सांगतात. गाडी वॉरंटीत असेल तर इथे येऊ नये. दिवा उघडल्यावर कंपनीकडे दाद मागता येत नाही, म्हणून पाणी साचलेले असतानाच फोटो काढून कंपनीच्याच केंद्रात लेखी तक्रार द्यावी. बाहेरून पिवळी पडलेली काच घासून देण्याचे कामही ते करतात, परंतु ते मी करून घेतलेले नसल्यामुळे त्याबद्दल मत देत नाही.

ज्यांना तिथे जायचे असेल, त्यांनी शक्यतो मे महिन्यात जावे. मृगाचा पाऊस सुरू झाला की खानापूर, चंदगड, निपाणीकडून येणारे दिवे फळ्यांवर मावत नाहीत आणि आठवडाभराची वाट पाहावी लागते. नवे बूट घ्यायचे असेल तर जुने फेकून न देता सोबत न्यावे, म्हणजे माप चुकत नाही. आणि गाडी धुऊन नेऊ नये. पाणी ज्या वाटेने आत गेलेले असते, तिथे चिखलाची बारीक सुकलेली रेघ उरते, आणि मेस्त्री पंप हातात घेण्याआधी भिंग लावून तीच रेघ शोधतात.